अखंड करवतीचें पातें

लांकडाच्या वखारींत डोकावणाऱ्या कोणालाही पट्टा-करवत ओळखीची असते. एक चाक वर, एक चाक खालीं आणि दोहोंवरून गिरणीच्या पट्ट्याप्रमाणें सतत धांवणारें, एका कडेला दांते असलेलें पोलादाचें लांबलचक पातें. त्याला आरंभ नाहीं, अंत नाहीं. हें यंत्र इतकें साधें दिसतें कीं तें प्राचीन काळींच कोणास सुचलें असावें, असा पाहणाराचा समज व्हावा. प्रत्यक्षांत तें वाफेच्या एंजिनापेक्षांही वयानें लहान आहे. शिवाय कल्पना सुचल्यापासून तें धडपणें चालूं लागेपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षें गेलीं, आणि लोखंड कापण्याच्या कामीं त्यानें खरा जम बसविला तो तर विसाव्या शतकांत. विलंबाचें कारण चाकांत नव्हतें, चालक-शक्तींतही नव्हतें. तें पात्यांत होतें. धातू कापण्यासाठीं पातें निवडतांना आज कारखान्यांत जे नियम पाळले जातात, त्यांतील बहुतेक नियम ह्या इतिहासांतील तुटलेल्या पात्यांनींच शिकविलेले आहेत.

हातकरवतीचें किंवा दोन आरेकऱ्यांच्या आऱ्याचें काम पाहिलें तर निम्मी हालचाल फुकट जाते हें ध्यानांत येतें. दांते एका दिशेनें कापतात आणि परत येतांना रिकामे येतात. गोल करवतीनें हा दोष घालविला. पोर्टस्मथच्या गोदींत मार्क ब्रुनेल यानें १८०२ पासून पुढील चार-पांच वर्षांत जहाजांच्या कप्प्या बनविण्याचा जो प्रसिद्ध कारखाना उभारला, त्यांत अशा करवती होत्या. पण गोल करवतीलाही मर्यादा आहेत. तबकडीच्या निम्म्या व्यासाहून कमीच खोल ती कापूं शकते. मोठा ओंडका कापावयाचा तर तबकडी मोठी हवी, मोठी म्हणजे जाड हवी, आणि जाड तबकडी मालाचा तितकाच जाड भाग भुसा करून टाकते. महागडें लांकूड असो वा महागडें पोलाद, मालकाच्या दृष्टीनें हा भुसा म्हणजे पैसाच. पातळ, अरुंद आणि न थांबणारें पातें मिळालें असतें तर हे सर्व प्रश्न एकदम सुटणार होते.

लंडनचा विल्यम न्यूबेरी यानें १८०८-०९ च्या सुमारास नेमकें असेंच यंत्र योजून त्याचें पेटंट घेतलें. दोन चाकें आणि त्यांवरून फिरणारें दांतेरी पातें, ही आजच्या पट्टा-करवतीची मूळ आकृति त्याच्या कल्पनेंत होती. अमेरिकेंत मेन राज्यांतील एल्सवर्थचा बेंजामिन बार्कर यास १८३६ मध्यें अशा यंत्राचें त्या देशांतील पहिलें पेटंट मिळालें. परंतु पेटंट मिळाल्यानें सांधा टिकत नाहीं. सरळ पट्टीचीं दोन टोकें जोडून तिचें कडें करावें लागतें, आणि नेमकी तीच जागा तुटे. टोकें एकमेकांवर ठेवून रिव्हेट मारावें तर सांधा जाड होऊन चिरेंत अडके; डाख देऊन झाळावें तर तापामुळें आजूबाजूच्या पोलादाचें पाणी उतरे. पोलादही हवें तसें नव्हतें. शेफील्डच्या बेंजामिन हंट्समननें १७४० च्या सुमारास मुशींत वितळविलेलें पोलाद तयार करण्याची रीत बसविली होती व तें गुणानें उत्तम होतें. पण एका मुशींतून निघणारा गोळा लहान, आणि पट्टा-करवतीला तर सर्वत्र सारखी जाडी व सारखें पाणी असलेली दहा-पंधरा फुटांची पट्टी हवी.

ह्यांतच आणखी एक अडचण दडलेली होती. पातें चाकावर चढलें कीं वांकतें, चाक सोडलें कीं सरळ होतें. सोळा फूट लांबीचें पातें मिनिटाला ४,८०० फूट वेगानें लांकूड कापीत असेल, तर तें मिनिटांत ३०० फेरे करतें. प्रत्येक फेऱ्यांत दोन चाकें. म्हणजे मिनिटास ६०० वेळां आणि तासाला ३६,००० वेळां त्याचा प्रत्येक भाग वांकून सरळ होतो. एकदां वांकविलें असतां ज्याला कांहींच होत नाहीं, तें पोलाद असें लक्षावधि वेळां वांकविलें कीं कोठेंतरी केंसाएवढी चीर पडते, ती वाढत जाते आणि एके क्षणीं पातें तुटतें. १८४२ च्या मे महिन्यांत व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या एंजिनाचा आंस मोडून भयंकर अपघात झाला; धातूच्या ह्या थकव्याकडे यंत्रज्ञांचें लक्ष वेधलें गेलें तें अशाच घटनांमुळें. प्रशियाच्या रेल्वेवरील ऑगस्ट व्योलर यानें आंसांवर वर्षानुवर्षें प्रयोग केले आणि १८७० पर्यंत दाखवून दिलें कीं, जो भार एकदां सहज पेलतो तोच अनेक वेळां दिला तर लोखंड मोडतें. मात्र भार एका मर्यादेच्या खालीं ठेवला तर तें जवळजवळ कधींच मोडत नाहीं. पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या सुमारें हजाराव्या हिश्शाहून फारशी अधिक असूं नये, असा जो कारखान्यांतला दंडक आहे त्यामागें हेंच तत्त्व आहे. चोवीस इंची चाकावर एक-चाळिसांश इंच जाडीचें पातें सुखानें चालतें. तेंच लहान चाकावर चढविलें तर दांते धारदार असतांनाच पाठ तडकते. मग दोष पातें विकणाराला दिला जातो, आणि पुष्कळदां तो अन्यायानें दिला जातो.

व्योलरचे प्रयोग पुरे होण्यापूर्वींच सांधा मात्र जुळला होता, आणि तो जुळविला एका फ्रेंच स्त्रीनें. आन पोलँ क्रेपँ हिनें पट्ट्याचीं टोकें जोडण्याची नवी रीत शोधून १८४६ मध्यें तिच्या पेटंटासाठीं अर्ज केला. लवकरच ती रीत वापरण्याचा हक्क तिनें पॅरिसच्या पेरँ आणि कंपनीला विकला. पेरँनें त्या सांध्याला सुधारलेल्या पोलादाची आणि पाणी देण्याच्या अधिक काटेकोर पद्धतीची जोड दिली, आणि पट्टा-करवतीचें पहिलें भरंवशाचें पातें जगाला मिळालें. लांकडाच्या करवतींसाठीं पुढें जी पद्धत सर्वत्र रूढ झाली तींत दोन्ही टोकें तिरकस घांसून पाचरीसारखीं पातळ करीत, सांध्याची जाडी मूळ पट्टीहून वाढणार नाहीं अशीं तीं एकावर एक बसवीत, आणि मध्यें चांदीचा किंवा पितळेचा डाख घालून तापल्या चिमट्यांत दाबून धरीत. यंत्रांच्या इतिहासांत न्यूबेरीचें नांव प्रथम येतें, आणि तें योग्यही आहे. पण ज्या सांध्यावांचून त्याचें यंत्र चाळीस वर्षें कागदावर राहिलें, त्या सांध्याच्या जननीला दुय्यम स्थान द्यावें हें कांहीं न्याय्य वाटत नाहीं. लोखंडी सांगाड्यावर नांव ओतलें जातें तें कारखानदाराचें. सांध्यावर कोणाचें नांव लिहितां येत नाहीं, इतकेंच.

लांकडाच्या कामांत पट्टा-करवतीनें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत झपाट्यानें जम बसविला. धातूची गोष्ट निराळी. लांकूड कापतांना जो वेग शोभतो त्या वेगानें साधें पोलादी पातें लोखंडाच्या सळईवर धरलें, तर दांत्यांचीं टोकें तापून निळीं पडतात आणि मऊ होतात; साध्या कर्बयुक्त पोलादाचें पाणी दोन-अडीचशें अंश उष्णतेलाच उतरूं लागतें. म्हणून लोखंडासाठीं वेग हजारोंवरून मिनिटाला शंभर-दीडशें फुटांवर आणावा लागे. रेल्वेच्या व यंत्रांच्या कारखान्यांतून त्यामुळें धातू कापण्याचें काम बहुतांशीं मागेंपुढें चालणाऱ्या यांत्रिक करवतींकडे आणि जाड गोल करवतींकडेच राहिलें.

दरम्यान पोलादाच्या जगांत मोठी क्रांति झाली. इंग्लंडांत रॉबर्ट मुशेट यानें १८६८ मध्यें टंगस्टन घातलेलें पोलाद काढलें. शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट ह्यांनीं बेथलहेमच्या कारखान्यांत अशा पोलादाला विशिष्ट प्रकारें, पूर्वींच्या समजुतीप्रमाणें तें नासून जाईल इतकें तापवून, ज्याला आज उच्चवेगी पोलाद म्हणतात तें सिद्ध केलें. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत ह्या पोलादाचें हत्यार टोकाशीं लाल होऊनही लेथवर कापीत राहिलेलें पाहून यंत्रज्ञ थक्क झाले. परंतु लेथचें हत्यार आंखूड असतें, घट्ट पकडलेलें असतें. त्याला कोणी वांकवीत नाहीं. पट्ट्याच्या नशिबीं दिवसभर वांकणें आलें. जें पोलाद कठीण तें ठिसूळ, जें लवचिक तें मऊ. आणि पात्याला तर दांत्यांत काठिण्य व पाठींत लवचिकपणा एकाच वेळीं हवा. साध्या पोलादाच्या पट्टीचे केवळ दांते तापवून कठीण करावयाचे आणि पाठ मऊ ठेवावयाची, ही तडजोड पुष्कळ वर्षें चालली, व हलक्या कामासाठीं आजही चालते.

पट्टा-करवतीला यंत्रशाळेंत मानाचें स्थान मिळवून दिलें तें अमेरिकन यंत्रज्ञ लेटन विल्की यानें. १९३३ मध्यें त्यानें धातूवर आंखलेल्या वांकड्यातिकड्या रेषेवरून कापीत जाणारी उभी पट्टा-करवत काढली. तोंवर पोलादी सांच्यांत एखादें वेडेंवांकडें भोंक पाडावयाचें म्हणजे रेषेलगत ओळीनें बारीक भोंकें पाडावीं, मधला तुकडा छिन्नीनें तोडावा आणि उरलेलें काम कानशीनें घांसत दिवसचे दिवस करावें, अशी रीत होती. विल्कीनें यंत्राच्या अंगांतच विजेचें लहानसें सांधण्याचें साधन बसविलें. सांच्यांत एक भोंक पाडावयाचें, पातें तोडून त्यांतून ओंवावयाचें, तेथल्या तेथें पुन्हां सांधावयाचें, आंतील आकृति कापून घ्यावयाची आणि पातें पुन्हां तोडून काढावयाचें. सांधा दिल्यावर तो भरभर थंड होतांना ठिसूळ होतो. म्हणून थोडा प्रवाह पुन्हां सोडून त्याला मंद लाल करून निववावा लागतो, व वर आलेली कड घांसून सपाट करावी लागते. ज्या सांध्यासाठीं पॅरिसमध्यें पेटंट विकत घ्यावें लागलें, तो आतां साधा कारागीर यंत्राशेजारीं उभा राहून कांहीं मिनिटांत करूं लागला.

विल्कीच्या 'डू-ऑल' यंत्रांच्या दारावर एक फिरती तबकडी असे. कापावयाचा धातू खुणेसमोर आणला कीं पातें कोणतें घ्यावें आणि वेग किती ठेवावा, हें तिच्या खिडक्यांतून दिसे. पिढ्यान् पिढ्या मिस्त्रीच्या डोक्यांत राहिलेलें ज्ञान असें प्रथमच दारावर येऊन बसलें. ह्या ज्ञानांत सर्वांत महत्त्वाचा भाग दांत्यांच्या संख्येचा.

पात्यावर एका इंचांत किती दांते, हें माप धरून पातें विकलें जातें. कोणत्याही क्षणीं निदान तीन दांते मालांत गुंतलेले असावेत, हा पहिला नियम. पाव इंच जाडीचा पत्रा इंचाला चार दांते असलेल्या पात्यावर धरला तर एका वेळीं एकच दांता मालांत असतो. पत्र्याची कड दोन दांत्यांमधील खांचेंत शिरते आणि दांता मुळापासून उडतो. एक उडाला कीं त्याच्या मागच्यावर दुप्पट भार येतो, आणि पाहतां पाहतां ओळच्या ओळ साफ होते. त्याच पत्र्याला इंचाला बारांहून अधिक दांते हवेत. ह्यावरून बारीक दांते नेहमींच सुरक्षित, असें मात्र कोणी समजूं नये. सहा इंच जाडीच्या भरीव सळईवर इंचाला अठरा दांत्यांचें पातें लावलें तर एकाच वेळीं १०८ दांते मालांत राहतात. प्रत्येक दांत्याच्या पुढची खांच म्हणजे कीस सांठविण्याची पिशवी; सहा इंचांचा प्रवास पुरा होण्यापूर्वींच ती चिमुकली पिशवी भरून जाते, मग दांता कापावयाचें सोडून घांसूं लागतो, पातें तापतें आणि चीर तिरकी जाऊं लागते. अशा सळईला इंचाला दोन किंवा तीन दांते पुरतात. म्हणजे बारा ते अठरा दांते मालांत राहतात व प्रत्येकाला कीस ठेवण्यास जागा मिळते. कारखान्यांत पातीं वायां जातात त्यांचें मोठें कारण, एकच पातें चढवून सकाळीं पत्रा व दुपारीं सळई कापण्याची संवय, हेंच असतें. त्यांत जी काटकसर दिसते ती फसवी आहे.

नळीचा प्रश्न ह्याहून अवघड. पातें नळींत शिरतांना आणि बाहेर पडतांना त्याला बरीच धातू कापावी लागते, मध्यें मात्र दोन पातळ भिंतीच. अशा कामासाठीं पुढें दांत्यांमधील अंतर मुद्दाम कमीजास्त ठेवलेलीं पातीं निघालीं. सारख्या अंतरावरचे दांते एका तालांत आघात करतात आणि माल, पातें व यंत्र त्या तालावर थरथरूं लागतात. अंतर विषम केलें कीं ताल मोडतो, आणि त्याबरोबर ती कर्कश किंकाळीही.

दांते सरळ रेषेंत ठेवून चालत नाहीं. ते थोडे बाजूंस वांकवावे लागतात, म्हणजे चीर पाठीहून रुंद पडून पातें मोकळें चालतें. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक सरळ, ही रचना भरीव मालाला मानवते. पातळ पत्र्याला व नळीला दांत्यांचे गटच्या गट हळूहळू एका बाजूस व मग दुसऱ्या बाजूस झुकविलेली, लाटेसारखी रचना अधिक सोसते. रुंदीचा नियम सोपा आहे: सरळ कापावयाचें असेल तर यंत्र पेलील तितकें रुंद पातें, कारण रुंदी वाढली कीं पात्याचा ताठपणा कितीतरी पटींनीं वाढतो, वळण घ्यावयाचें असेल तर अरुंद. अर्धा इंच रुंदीचें पातें सुमारें अडीच इंच त्रिज्येचें वळण घेतें, पाव इंचाचें सुमारें पाऊण इंचाहूनही लहान.

कठीण दांता आणि लवचिक पाठ ह्यांचें कोडें पुरतें सुटलें तें सांध्याच्याच मार्गानें. जर्मनींत कार्ल-हाइंझ स्टायगरवाल्ड ह्याचें विद्युत्कणांच्या झोतानें धातू सांधणारें यंत्र १९५८ मध्यें चालूं झालें. हा झोत निर्वात पोकळींत इतक्या अरुंद रेषेवर धातू वितळवितो कीं शेजारच्या भागाला ताप फारसा लागत नाहीं. १९६० नंतर ह्या साधनानें लवचिक पोलादाच्या पट्टीच्या कडेला उच्चवेगी पोलादाची बारीक तार सबंध लांबीभर सांधूं लागले. नंतर दांते कापले म्हणजे कठीण पोलाद केवळ टोकांवर उरतें. हेंच आजचें द्विधातु पातें. त्यांतील 'एम ४२' हें नांवाजलेलें पोलाद शेंकडा सुमारें साडेनऊ मॉलिब्डेनम व आठ कोबाल्ट धारण करतें, आणि लालभडक तापापर्यंत धार टिकवितें. न्यूबेरीच्या पट्ट्यांत सांधा एका ठिकाणीं होता व तेथेंच तो मोडे. ह्या पात्याला सांधा अंगभर आहे. टायटॅनियम किंवा निकेलच्या चिवट मिश्रधातूंपुढें हेंही पोलाद कमी पडतें. तेथें टंगस्टन-कार्बाइडचे दांते बसवावे लागतात. क्रुपच्या कारखान्यानें १९२६-२७ च्या सुमारास 'विडिया' ह्या नांवानें, म्हणजे 'हिऱ्यासारखें' असें सुचवून, जो पदार्थ बाजारांत आणला त्याच जातीचा हा पदार्थ आहे.

पातें निवडल्यावरही धातूचा स्वभाव ओळखावाच लागतो. ॲल्युमिनियम मऊ, त्याला मोठे दांते व भरपूर वेग हवा. बारीक दांत्यांच्या खांचांत तें चिकटून बसतें. बिडाचा कीस भुकटीसारखाच पडतो व तें कोरडेंच कापलें जातें. सौम्य पोलादाला द्विधातु पातें मिनिटाला अडीचशें फुटांच्या आसपास चालतें. न गंजणारें पोलाद मात्र मोठें मानी आहे. त्याला वेग ह्याच्या निम्म्याहून कमी लागतो, आणि दाब ठाम लागतो. भीतभीत हलका दाब दिला तर दांते नुसते घांसतात, त्या घासण्यानें पृष्ठभाग अधिकच कठीण होतो, आणि पुढच्या दांत्यापुढें पहिल्यापेक्षां कठीण भिंत उभी राहते.

जुना कारागीर ह्या सर्व गोष्टी कोष्टकांत पाहत नाहीं. तो खालीं पडणारा कीस उचलून पाहतो. पोलादाचा कीस चकचकीत, सैल वळ्यांचा व हाताला जेमतेम कोंबट असेल तर सर्व कांहीं ठीक. तो निळा किंवा तपकिरी पडला असेल तर वेग अथवा दाब अधिक झाला. पिठासारखा बारीक पडत असेल तर दाब कमी आहे. नवें पातें चढविल्यावर पहिल्या कांहीं कापांना दाब निम्म्यानें कमी ठेवून वेग नेहमींचाच राखण्याची त्याची रीतही ह्याच अनुभवांतून आली. नव्या दांत्याचें टोक सुईसारखें तीक्ष्ण असतें, आणि पूर्ण दाबाखालीं तें सूक्ष्मपणें तुटतें. थोडेंसें गोलावलें कीं मात्र तें पुढें महिनोन् महिने टिकतें.